परिषदेतली एक दुपार सहभागींच्या हाती: गटचर्चा कशा चालवाव्यात? (नागपूर)

काळीमाती | ४ डिसेंबर

जानेवारीत नागपूरला आमची माती-पाणी-शेतीवाल्यांची विभागीय परिषद आहे, शनिवार-रविवार. शेतकरी, संस्थांचे कार्यकर्ते, कृषी महाविद्यालयातली मुलं-मुली, संशोधन संस्थांतले काही शास्त्रज्ञ, असे सव्वाशेच्या आसपास लोक येतील. नागपुरात ही मंडळी एकत्र आणणं तसं सोपं. कापूस, संत्रा आणि मृदा सर्वेक्षण या तिन्हींच्या राष्ट्रीय संस्था इथेच आहेत, आणि वर्धा-भंडाऱ्याहून सकाळी निघालेला माणूस पहिल्या चहाला हजर असतो. हजर असतो, पण बोलत नाही. माझी अडचण तिथे आहे.

आमच्याकडच्या परिषदांचा क्रम तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, बीजभाषण, मग परिसंवाद, त्यात चार वक्ते, प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि प्रत्येकजण पंचवीस घेणार. शेवटी अध्यक्ष सांगतात की वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत. आणि मग चहाच्या टेबलापाशी उभे असलेले दोन शेतकरी आणि एक शास्त्रज्ञ असं काही बोलत असतात की वाटतं, हे सभागृहात व्हायला हवं होतं. ते मी अनेकदा ऐकत उभा राहिलोय.

यंदा समितीत मांडलं आणि मान्य झालं: रविवारची दुपार, २ ते ५.३०, कार्यक्रमपत्रिकेत कोरी सोडायची. विषय लोकांनी मांडायचे, गट त्यांनीच करायचे, चालवायचे त्यांनीच. आम्ही फक्त जागा, वेळ, कागद आणि चहा बघणार.

मनात आहे ते असं. भिंतीवर मोठा तक्ता, त्यात पन्नास-पन्नास मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि सहा जागा. ज्याला विषय मांडायचाय त्याने कार्डावर लिहायचं, सगळ्यांसमोर दोन वाक्यांत सांगायचं आणि मोकळ्या रकान्यात कार्ड लावायचं. बाकीच्यांनी तक्ता बघून आपापल्या गटात जायचं.

तीन गोष्टींची काळजी वाटते. कोणीच पुढे आलं नाही तर? ज्येष्ठ मंडळींनी गट ताब्यात घेतले तर? आणि रविवारची दुपार आहे, जेवण झाल्यावर परगावचे लोक बस पकडायला निघाले तर? ज्यांनी असं काही चालवलंय किंवा अशा चर्चेत बसलेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

झिरोमाईल | ४ डिसेंबर

कल्पना चांगली आहे, पण परिसंवादावर इतका राग नको. तयारी करून आलेला माणूस वीस मिनिटांत जे देऊन जातो, ते बारा जणांच्या गप्पांतून तासाभरातही निघत नाही. मोकळ्या चर्चेत बरेचदा प्रत्येकजण आपलं घोडं पुढे दामटतो आणि उठताना हाती काही नसतं. निव्वळ अनुभवकथन आणि चर्चा यांतला फरक तुम्ही कसा राखणार?

काळीमाती | ४ डिसेंबर

झिरोमाईल, म्हणूनच दीड दिवस व्याख्यानं ठेवली आहेत आणि मोकळी दुपार त्यांच्यानंतर. लोकांच्या डोक्यात काहीतरी पडलेलं असेल, त्यावर बोलतील. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मलाही हवं आहे.

परसोडीकर | ५ डिसेंबर

मी आयटीतला, शेतीतलं कळत नाही. पण आमच्या क्षेत्रात ही पद्धत जुनी आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो.

तुम्ही जे वर्णन केलंय, त्याला एक घडवलेला साचा आहे. अमेरिकेतल्या हॅरिसन ओवेन यांनी १९८३ मध्ये एक परिषद भरवली. वर्षभर खपून तयारी केली आणि शेवटी सगळ्यांनी सांगितलं की सर्वांत उपयोगी होत्या त्या कॉफीच्या सुट्ट्या. मग १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे इथे त्यांनी परिषद भरवली ती गोलात खुर्च्या मांडून, कोऱ्या भिंतीसमोर. विषय लोकांनी तिथल्या तिथे लिहिले. ही पद्धत पुढे ओपन स्पेस या नावाने जगभर गेली. लायबेरियातल्या एका गावचा सोहळा त्यांनी तरुणपणी पाहिला होता. चार दिवस चाललेला, कोणतीही संयोजन समिती नसलेला. गोलात बसण्याची प्रेरणा ते तिथली सांगायचे.

त्यांचं एक सूत्र मला फार मोलाचं वाटतं: जिथे तुम्ही शिकत नाही आणि इतरांना काही देतही नाही, तिथून आपल्या पायांनी उठा आणि दुसऱ्या गटात जा. उठून जाणं हा तिथे अपमान धरत नाहीत. या गटातून त्या गटात फिरणाऱ्यांना ते भुंगे म्हणत, कारण इकडचा विचार तिकडे तेच नेतात.

दुसरं उदाहरण आमच्या रोजच्या कामातलं. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ ही संघटना नवा कार्यगट काढण्याआधी एक खुली बैठक घेते. हा प्रश्न खरंच सोडवण्याजोगा आहे का आणि त्यावर काम करायला माणसं तयार आहेत का, एवढंच तिथे तपासतात. पुष्कळदा हात वर करायला न सांगता हुंकार द्यायला सांगतात. कोणाचा हात वर आहे ते दिसत नाही, पण खोलीचा कल कळतो. सगळ्या विषयांना हे चालणार नाही, पण वरिष्ठ समोर बसलेले असताना कामाचं आहे.

वैनगंगा | ५ डिसेंबर

भंडारा-गोंदियाकडे तलावांच्या कामात अशा बैठका आम्ही बऱ्याच घेतल्या आहेत, त्यावरून लिहिते. थोडं लांबेल.

सगळ्यात जास्त वेळ द्या कार्डावर. लोक विषय लिहितात: 'संत्र्याची फळगळ', 'मामा तलाव' (माजी मालगुजारांच्या काळातले गावतलाव), 'कापूस आणि बोंडअळी'. ही पाठ्यपुस्तकातल्या धड्यांची नावं झाली. अशा कार्डाभोवती जमलेले लोक वक्त्याची वाट बघत बसतात आणि जो जास्त शिकलेला तो बोलायला लागतो. त्याच माणसाला बाजूला घेऊन विचारा, दादा, तुम्हाला यातलं नेमकं काय अडलंय? मग तो सांगतो, 'आंबियाची (जानेवारी-फेब्रुवारीच्या बहराची) फळं ऑगस्टात गळायला लागली की झाडाजवळ जाऊन पहिलं काय बघायचं?' हे कार्डावर जसंच्या तसं लिहा, त्याच्याच शब्दांत. आता यावर दहा बागायतदार दहा गोष्टी सांगतील. कोणी देठ बघतो, कोणी मुळाजवळची माती उकरतो, कोणी पाणी कुठे साचलंय ते बघतो. इथून पुढे शास्त्रज्ञालाही खरं काम असतं.

आमच्याकडचं उदाहरण देते. 'मामा तलाव पुनरुज्जीवन' या कार्डावर एकदा अक्षरशः शांतता होती. दुसऱ्या फेरीत मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या एका ताईंनी कार्ड लावलं: 'तलावातला बेशरम (बेसुमार वाढणारं झुडूप) उपटून झाला, आता त्या जागी काय लावायचं म्हणजे मासे परत येतील?' गट उठायला तयार नव्हता. कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर टिकते, कोणत्या माशाला कशात अंडी घालायला आवडतं, गाळ काढताना काठाचा उतार का मोडू नये, सगळं बाहेर आलं. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी माइक धरलेला नव्हता.

म्हणून विषय मांडणाऱ्याला उत्तर माहीत असलं पाहिजे असं अजिबात नाही. प्रश्न मात्र त्याला खरोखर पडलेला असला पाहिजे. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने कार्ड लावलं की त्याचं व्याख्यान होतं. झिरोमाईल, तुम्ही विचारलेला अनुभवकथन आणि चर्चा यांतला फरक माझ्या मते इथेच पडतो. 'तुमचे अनुभव सांगा' म्हटलं की लोक आत्मचरित्र सांगतात. 'तुम्ही पहिलं काय बघता' म्हटलं की तेवढंच सांगतात आणि शेजारच्याशी ताडून बघतात.

आणि 'कोणीच पुढे आलं नाही तर' याबद्दल: आदल्या दिवशी चहाच्या वेळी फिरा. कोण काय कुरकुरतोय ते ऐका. 'हे उद्या कार्डावर लिहाल का?' असं चार-पाच जणांना विचारून ठेवा. त्यांत निदान दोन बायका आणि एक विद्यार्थी असू द्या. पहिली तीन कार्डं लागली की बाकीची आपोआप लागतात. पहिलं कार्ड कुण्या प्राध्यापकाचं नको, एवढं पाहा.

काळीमाती | ५ डिसेंबर

वैनगंगाताई, मनापासून आभार. हे समितीच्या गटावर जसंच्या तसं टाकतोय.

परसोडीकर, पायांनी उठण्याचं सूत्र मला पटतं, पण आपल्याकडे लागू होईल का? वयाने मोठा माणूस बोलत असताना उठून जाणं इथे कोणाला जमत नाही. मलाही जमणार नाही. नोकरीतला कनिष्ठ तर आपल्या साहेबासमोरून हलणारच नाही.

परसोडीकर | ६ डिसेंबर

खरं आहे. मग उठायचं कारण तुम्हीच द्या. प्रत्येक फेरीच्या मध्यावर, पंचविसाव्या मिनिटाला, एक घंटा वाजवा आणि आधीच जाहीर करा की या घंटेला ज्याला गट बदलायचाय त्याने बदलावा आणि ज्याला पाणी प्यायचंय त्याने प्यावं. घंटा वाजली म्हणून उठला, तर कोणाचा मान जात नाही.

धरमपेठ_जुनी_गल्ली | ६ डिसेंबर

वयाने मी इथे बहुधा सगळ्यांत मोठा. नागपूरच्या संदर्भात एक गोष्ट आठवली ती लिहितो.

डिसेंबर १९२० चं काँग्रेस अधिवेशन इथे भरलं होतं, १४ हजारांहून जास्त प्रतिनिधी. असहकाराच्या ठरावाला विरोध करायचा म्हणून चित्तरंजन दास बंगालमधून मोठा ताफा घेऊन आले होते. शेवटी तोच ठराव खुल्या अधिवेशनात त्यांनीच मांडला. हा बदल व्यासपीठावरच्या भाषणांनी झालेला नाही. ठराव खुल्या अधिवेशनात येण्याआधी मुक्कामांवर आणि विषय नियामक समितीत जी बोलणी चालली, त्यांतून झाला. म्हणजे व्यासपीठावर दिसतं ते शेवटी, काम आधी बसून होतं, हे आपल्या सभांच्या परंपरेत पूर्वीपासून आहे.

फरक असा की त्या समितीत निवडलेले लोकच बसत. तुम्ही ती दारं सगळ्यांना उघडताय. मला हे फार चांगलं वाटतं. एक विनंती: आम्हा म्हाताऱ्यांना अडवायचं म्हणून बाजूला बसवू नका. आम्हाला काम द्या. मला कोणी सांगितलं की काका, तुम्ही या गटात फक्त ऐका आणि शेवटी जे ऐकलं ते दोन मिनिटांत सांगा, तर मी ते मनापासून करीन.

वैनगंगा | ६ डिसेंबर

काका, हे फार मोलाचं सांगितलंत. काळीमाती, काकांची सूचना नक्की वापरा. ज्येष्ठांना 'ऐकणारा' ही जाहीर जबाबदारी द्या, सगळ्यांसमोर नाव घेऊन. मानाचा मान राहतो आणि पहिली वीस मिनिटं बोलणं इतरांचं राहतं.

काटोलवाला | ७ डिसेंबर

मी संत्रावाला शेतकरी. तुमच्या या परिषदेचं आमंत्रण मलेबी आलं आहे. दोन गोष्टी सांगतो.

एक, जानेवारीत आंबियाचा ताण तोडाचा असते, म्हंजे बंद ठेवलेलं पानी झाडाले पुन्हा चालू कराचं असते. मधातले आठ-दहा दिवस आमी बाग सोडून कुठंच जात नाई. तारीख ठरवाच्या आधी कोनी इचारलं असतं तं बरं झालं असतं. आता ठरली तं ठरली, मी एकच दिवस येईन. थो रविवार राहीन, कारन बोलाचं त्याच दिवशी आहे.

दुसरं. आमाले बोलता येत नाई असं नाई. समोर साहेब वही उघडून बसला का आमी त्याले पाह्यजे थे सांगतो. अनुदानाचं काम असते, उद्या त्याच्याकडंच जा लागते. म्हणून गटात कोन काय बोललं थे नावासकट कागदावर जाऊ नये. हे नक्की करा, मंग पाहा कसे बोलतात थे.

काळीमाती | ७ डिसेंबर

काटोलवाला भाऊ, तारखेचं तुमचं म्हणणं रास्त आहे, पुढच्या वेळी बागायतदारांना विचारूनच ठरवू हे समितीत नोंदवून घेतो. नावांबद्दल पक्कं: टिपणात मुद्दा येईल, माणूस येणार नाही.

परसोडीकर | ७ डिसेंबर

नावांच्या बाबतीत लंडनच्या चॅटम हाउस या आंतरराष्ट्रीय धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा १९२७ पासूनचा नियम आहे. चर्चेत मिळालेली माहिती वापरा, पण ती कोणी सांगितली आणि तो कुठल्या संस्थेचा, हे उघड करू नका. हा नियम प्रत्येक जागेवर मोठ्या अक्षरांत लावा आणि सुरुवातीला एकदा मोठ्याने वाचून दाखवा. छायाचित्रं आणि मोबाइलवरचं चित्रण यांनाही तो लागू करा. आजकाल खरी भीती त्याचीच असते.

मेळघाटची_पायवाट | ८ डिसेंबर

दोन मुद्दे.

भाषा. तुमच्याकडे कोरकू किंवा गोंडी बोलणारे लोक येणार असतील तर एक जागा अशी ठेवा की चर्चा त्यांच्या भाषेत होईल आणि मराठीवाल्यांना शेजारी बसून कोणीतरी समजावून सांगेल. आपण नेहमी उलटं करतो. ज्याची संख्या जास्त त्याच्या भाषेत चर्चा चालते आणि दुभाष्या कोपऱ्यात बसतो.

दुसरं, निर्णय. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा सगळ्यांना माहीत असेल. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक, २००९ मधली गोष्ट. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. त्या गावाने एक गोष्ट फार विचाराने केली. अभ्यासगट वेगळे ठेवले आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कोणीही बसतं, बाहेरचा जाणकार बोलावता येतो, हवं ते विचारता येतं, वाद घालता येतो. तिथे काहीही ठरत नाही. ठरतं ते ग्रामसभेत, सर्वसहमतीने. अभ्यासगटात काही ठरणारच नसल्यामुळे माणूस मोकळेपणाने चुकीचं बोलू शकतो आणि ऐकून मत बदलू शकतो.

परिषदेत नेमकी याची गल्लत होते. गटचर्चा संपता संपता कोणीतरी म्हणतो, 'तर मग या गटातर्फे शासनाकडे अशी मागणी करूया', आणि उरलेली दहा मिनिटं मागणीच्या शब्दरचनेत जातात. ज्यांना ती मागणी मान्य नाही ते गप्प बसतात आणि पुढच्या फेरीला येत नाहीत. तुमच्या दुपारी ठराव नकोत. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. ठराव करायचेच असतील तर समारोपात करा, तिथे हरकत घ्यायला जागा असते.

झिरोमाईल | ८ डिसेंबर

हे वाचून माझं मत बरंच बदललं. आता व्यवहाराचं बोलतो. सभागृहात सहा गट बसवू नका. सिव्हिल लाइन्स, लक्ष्मीनगर, सीताबर्डी, कुठलंही सभागृह घ्या, खुर्च्या एकतर पक्क्या बसवलेल्या असतात, नाहीतर छतावरून आवाज इतका फिरतो की शेजारच्या गटाचंच ऐकू येतं. जानेवारीतली नागपूरची दुपार उन्हात बसण्यासारखी असते. आवारात झाडं असतील तर दोन-तीन गट बाहेर काढा, सतरंज्या टाका. लाउडस्पीकर कुठल्याही गटात नको. एकदा माइक आला की उभं राहून बोलणं आलं आणि 'सन्माननीय' आलं.

बसच्या वेळा आधी विचारून घ्या आणि परगावच्यांची कार्डं पहिल्या फेरीत लावा. जेवण १ ला संपवा. पंगत लांबली की दुपार गेली. आणि तर्री-पोहे सकाळीच द्या, दुपारी नको.

वैनगंगा | ८ डिसेंबर

गटाच्या आकाराबद्दल राहिलं होतं. सहा ते दहा जण उत्तम. बारापुढे गेलं की दोन-तीन जणच बोलतात. एखाद्या कार्डाला तीस माणसं आली तर तोडू नका, लोकांना वाईट वाटतं. मधे पाच खुर्च्या ठेवा, चार भरलेल्या आणि एक रिकामी, बाकीचे भोवती. बोलायचं असेल त्याने रिकाम्या खुर्चीवर यायचं, मग मधल्या चौघांतल्या एकाने उठून बाहेर जायचं. दोन मिनिटांत लोकांना सवय होते.

एखाद्या कार्डाला दोघेच आले, तर त्या दोघांना बसू द्या. जाऊन विचारू नका की 'गट बंद करायचा का?' कधीकधी सगळ्यांत कामाचं बोलणं त्या दोघांतच होतं.

आणि बायकांबद्दल. मिश्र गटात त्या मागच्या ओळीत बसतात. मागची ओळच राहणार नाही अशा खुर्च्या मांडा. एक गोल, आणि जास्तीच्या खुर्च्या भिंतीला एकावर एक रचून. जागा नाही म्हणून बाई गोलात येते. एवढ्याशा गोष्टीने किती फरक पडतो ते मी प्रत्येक वेळी बघते.

काळीमाती | २३ जानेवारी

परिषद झाली. ज्यांनी इथे इतकं लिहिलं त्यांना वृत्तांत द्यायलाच हवा.

दीड वाजता तक्त्यासमोर गोलात बसलो. नियम वाचले: नावं बाहेर जाणार नाहीत, ठराव नाहीत, पंचविसाव्या मिनिटाला घंटा. मग पहिलं कार्ड वर्ध्याकडच्या एका ताईंनी लावलं. आदल्या संध्याकाळी आमच्या एका कार्यकर्तीने त्यांना विचारून ठेवलं होतं. 'डवरणीला (पिकाच्या ओळींमधलं तण काढायला) माणूस मिळत नाही, तणनाशक मारायचं नाही, मग तुम्ही काय करता?' त्या खाली बसायच्या आत चार जण रांगेत उभे होते. पहिल्या फेरीच्या सहाही जागा भरल्या, तिसऱ्या फेरीत दोन मोकळ्या राहिल्या, त्या मोकळ्याच ठेवल्या.

एका गटाबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्यात इथलं जवळपास सगळं आलं. कार्ड यवतमाळकडच्या एका तरुण शेतकऱ्याचं: 'फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेला कापूस) घेऊ नका हे सगळ्यांना माहीत आहे, तरी आपण का घेतो?' सतरंजीवर अकरा जण, त्यांत कीटकशास्त्राचे एक ज्येष्ठ अभ्यासक. बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली, की डिसेंबरनंतर कापूस शेतात ठेवला की गुलाबी बोंडअळीला खाद्य मिळत राहतं, तिचं जीवनचक्र तुटत नाही आणि पुढच्या हंगामात ती लवकर येते. सगळं बरोबर होतं. पण बाकीचे दहा जण माना डोलवायला लागले होते. तेव्हा त्या मुलाने फार आदराने म्हटलं, 'सर, हे आम्हाला पटलेलंच आहे. कार्डावर लिहिलंय ते, पटूनही का घेतो. तुम्ही वीस मिनिटं आमचं ऐकाल का?' सरांनी लगेच होकार दिला. खिशातून छोटी वही काढली, काही क्षण ती बघितली आणि परत खिशात ठेवली.

मग एकेक बाहेर यायला लागलं. कोणाकडे रब्बीला पाणी नाही, शेत तसंही रिकामं राहणार, मग जे दोन क्विंटल मिळतील ते का सोडायचे? कोणाचे शेवटच्या वेचणीचे पैसे मजुरीची उधारी फेडण्यात जातात. एक बाई म्हणाल्या की पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटायची मजुरीच परवडत नाही, ती उभी आहे म्हणून कापूस उभा आहे. एकाने सांगितलं, मी उपटली पण शेजाऱ्याने ठेवली, मग माझ्या उपटण्याचा काय उपयोग? यावर सगळेच थांबले.

घंटा झाली तेव्हा उठलं कोणीच नाही, उलट शेजारच्या गटातले दोघे इकडे आले. त्यानंतर सर बोलले आणि ते बोलणं वेगळंच होतं. ते म्हणाले की एकेका शेतकऱ्याला सांगून हे होणार नाही, निदान एका शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात पऱ्हाटी काढली तरच फायदा दिसेल. उपटायला यंत्र भाड्याने मिळालं तर मजुरीचा प्रश्न सुटतो का, हे त्यांनी त्या बाईंना विचारलं. तिथून पुढे कोणाच्या गावात ट्रॅक्टरचलित यंत्र आहे, ते किती भाडं घेतात, लहान तुकड्यांत ते वळतं का, यावर शेवटपर्यंत बोलणं चाललं. ठराव झाला नाही. तीन गावांतल्या लोकांनी एकमेकांचे नंबर घेतले.

जे नीट झालं नाही तेही लिहितो. कोरकू गट ठेवला होता, पण त्याची जागा भोजनकक्षाशेजारी आली. भांड्यांच्या आवाजात अर्ध्या गोष्टी गेल्या. पुढच्या वेळी त्यांना सर्वांत शांत जागा. एका गटात मांडणाऱ्याने स्वतःच्या संस्थेची माहितीपत्रकं वाटली आणि वेळ तिथेच संपला. लोक घंटेला उठले खरे, पण तोपर्यंत पंचवीस मिनिटं गेली होती. चारनंतर भंडारा-गोंदियाकडचे बरेच निघाले, म्हणून तिसरी फेरी विरळ होती. झिरोमाईल यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांची कार्डं पहिल्या फेरीत लावली होती, ते फार बरं झालं.

ज्येष्ठांना 'ऐकणारे' नेमणं ही सगळ्यांत यशस्वी गोष्ट. समारोपात गटांचे अहवाल वाचायचे नाहीत असं ठरवलं होतं. प्रत्येक गटाच्या ऐकणाऱ्याने दोनच गोष्टी सांगायच्या: काय नवीन ऐकलं आणि कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही. कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले की नोकरीत मी शेतकऱ्यांच्या शेकडो सभा घेतल्या, पण त्यांत मी कधी बसलो नव्हतो. हे बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता.

धरमपेठ_जुनी_गल्ली | २३ जानेवारी

वाचून फार आनंद झाला. शेजाऱ्याने ठेवली तर माझ्या उपटण्याचा काय उपयोग, हा प्रश्न पुढच्या परिषदेचा मुख्य विषय करण्यासारखा आहे.

मेळघाटची_पायवाट | २४ जानेवारी

कोरकू गटाच्या जागेबद्दल स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल आभार. त्या गटातल्या दोघांशी बोलणं झालं. आवाजाचा त्रास झाला, पण आपल्या भाषेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलायला मिळालं हे त्यांनी दोनदा सांगितलं. पुढच्या वेळी जागा निवडायला त्यांच्यातल्याच एकाला आदल्या दिवशी बोलवा.

वैनगंगा | २४ जानेवारी

गटांची टिपणं कुठे मिळतील? डवरणीच्या कार्डावर काय काय निघालं ते आमच्याकडच्या बायकांना वाचून दाखवायचं आहे.

काळीमाती | २५ जानेवारी

टिपणं हाताने लिहिलेली आहेत, दोन विद्यार्थिनी टंकून घेताहेत. नावं काढलीत का ते तपासून आठवडाभरात याच धाग्यावर टाकतो. डवरणीच्या गटातल्या ताईंनी सायकल-कोळप्याचं हाताने काढलेलं चित्रही दिलंय, तेही टाकतो.

फरदडच्या गटाला पुन्हा बसायचं आहे, या वेळी यंत्रवाल्यांना बोलावून. संत्रावाल्यांनाही फळगळीवर वेगळी बैठक हवी आहे. काटोलवाला भाऊ, आता तारीख तुम्ही सांगा.

काटोलवाला | २५ जानेवारी

मृगाच्या बहराची तोडनी फेब्रुवारीच्या शेवटी लागते. त्याच्या आत ठेवा, दहा ते वीसच्या मधात. आनि बैठक नागपुरात नको, आमच्या बागेत ठेवा. झाड समोर पाह्यजे.